सगळे येईपर्यंत

७ नोव्हेंबर, गुरुवार

प्रोग्रॅम थांबायला हवा होता. थांबला नाही.

कणकवलीला तिसऱ्या वर्षाला समांतर संगणनाची मॉडेल्स शिकवायची आहेत. यंत्र कुठलं, हे बाजूला ठेवायचं, फक्त नियम. प्रत्येकानं आपापलं काम करायचं, एकमेकांना निरोप द्यायचे, मग सगळे पोचेपर्यंत थांबायचं. त्यानंतरच पुढची पायरी. मुलांना कळावं म्हणून आमच्या किनाऱ्यावरची रापण घेतली — जाळ्याचे दोन दोर, दोन्हीकडे ओढणारी माणसं. एक बाजू पुढे पळाली की मासळी निसटते.

प्रोग्रॅममध्ये ओढणारे अकरा दिले. थांब्यावर मात्र बारा जणांची वाट बघायला सांगितली. चूक माझीच — वाटे मोजले, माणसं नाही. माझ्या भावाचा, बाळाचा, वाटा रापणीत अजून निघतो. दोन वर्षांपूर्वी त्याची होडी सापडली. तो सापडला नाही. रापणीचे दत्तारामकाका म्हणतात, "दर्यान त्येका हाडून दिल्यान नाय, तवसर वाटो ऱ्हवतलो."

बारावा कुणी नाहीच. म्हणजे बाकीच्यांनी कायम तिष्ठत राहायला हवं. ते पुढे गेले. पडद्यावर जाळं किनाऱ्याला लागलं.

८ नोव्हेंबर

पुन्हा चालवला. पुन्हा पुढे गेला.

११ नोव्हेंबर, सोमवार

तोच प्रोग्रॅम कॉलेजात चालवला. पहिल्याच पायरीला अडकला, अडकायला हवा तसाच. तास संपला तरी हलला नाही. विभागातल्या गुरुप्रसाद सरांना सांगितलं, घरी हाच पुढे जातो. "मॅडम, घरचा कंप्युटर तुमच्यापेक्षा आशावादी दिसतो." हसले. मीही हसले.

घरी येऊन चालवला. गेला पुढे.

१३ नोव्हेंबर

सारिकाला — बाळाच्या बायकोला — देवगडचं स्थळ आलंय. माणूस बरा आहे, तिलाही पसंत आहे. महिनाअखेर उत्तर हवंय त्याला. पण बाळाचे दिवस केल्याशिवाय ती मोकळी कशी? आईचं एकच — "तो येऊक नाय तवसर ह्या घरात काय एक होवचां नाय."

सारिका भांडी घासता घासता म्हणाली, "ताई, तुमी पोरांका शिकवतास तां ह्यांच मां? एकासाठी सगळे थांबले."



आईला सांगू का, की बारावा पोचतो? मला तसं हवंय म्हणून तर घडत नाही ना — नकळत मीच काही बदललं असेन? ओळ न् ओळ कॉलेजातल्या प्रतीशी ताडून पाहिली. फरक नाही. तरी सांगणार नाही. खोट्या आधारावर सारिकाला सोडवणं बरोबर नाही. आणि आधार खरा असेल, तर तो आईपुढे मी कसा ठेवू?

१५ नोव्हेंबर

दुपारी शेवटचा म्हणून चालवला. पडद्यावरून नजर काढली नाही. पायरी, थांबा, पायरी. ओल्या सुंभाचा वास येत होता. किनाऱ्याकडून येतो तो नेहमीच.

खिडकी बंद होती.

१७ नोव्हेंबर, रविवार

आई पेजेचा वाडगा बाजूला सारून म्हणाली, "भटजींका बोलव गो. बाळाचे दिवस करूक व्हयेत."

सारिकाच्या हातातला डाव तसाच राहिला. मी विचारलं, "आणि तो येवचो होतो तां?"

"येवन गेलो. परवा दुपारी तू तां मशीन लावन बसलंस, तेवा तुझ्या मागे उभो होतो. तू वळान बघूक नाय."