पदराआडचे दात

चिंचवड, रविवार संध्याकाळ, १९५७

काही दुखत नसताना दातांच्या डॉक्टरकडे जाणारं आमचंच घर असेल. हट्ट माझाच. सासूबाई-मामंजी मोशीहून आलेलेच होते, त्यांनाही नेलं. डॉक्टर "आ करा" म्हणाले आणि सासूबाईंनी पदर आणखीच तोंडावर ओढला. मला वाटलं, परक्या पुरुषाची लाज. तर माझ्या कानाशी म्हणाल्या, "ह्यास्नी भाईर बसव आदी."

म्हणजे लाज नवऱ्याची! डॉक्टर हसले नाहीत. स्वतः उठून मामंजींना बाहेरच्या बाकावर बसवून आले, तेव्हा कुठे तो पदर खाली आला. दात मिश्रीनं काळे झालेले, पण सगळे शाबूत. परतताना सासूबाईंनीच निकाल दिला, "आपल्या घराला ह्योच डागदर बरा."

आणि मामंजी? मघाशी मी चुलीपाशी एकटी आहे असं बघून आले, घुटमळले, मग हळूच म्हणाले, "सूनबाई, कसं हायेत गं तिचं दात?"

नातवंडं झाली, आणि मामंजींनी ते अजून पाहिलेच नाहीत! त्या पदरानं पाहूच दिले नसतील. "छान आहेत," म्हटलं. केवढे खूश होऊन गेले! काळे आहेत हे का नाही सांगितलं मी? नकोच. तेवढं त्यांचं त्यांनी बघावं.