तेरड्याची बोंडं

ताई,

तुझ्या पायांना इथूनच हात लावते. मी बरी आहे. काचघरातलं रोपांचं काम हलकं आहे, खोलीला खिडकी आहे. तुझा गुडघा कसा आहे?

तुझा थोरला फोनवर म्हणाला, मागच्या अंगणात पुढच्या आठवड्यात फरशी बसणार. ताई, तेरडा पिकेपर्यंत थांबव गं. यांनी वर्षानुवर्षं निवडून जपलेला पांढरा तेरडा आता फक्त तिथेच उरलाय. मी आणलेलं बी उगवलंच नाही. बोंडं फुटून बी उडून जाईल या धास्तीने मी ती हिरवीच तोडली होती.

इथे पुस्तकात वाचलं, या कुळात हजारावर जाती आहेत. ओल आणि सावली त्यांना सोडवत नाही, म्हणून एका डोंगरावरची जात पुष्कळदा शेजारच्या डोंगरावरही नसते. साऱ्या बोंड फोडून बी लांब भिरकावतात. पाण्यात वाढणारी एकच बहीण फळ मिटूनच ठेवते. तिथे तुझी आठवण झाली, रागावू नकोस.

यांचा जुना सदरा तुझ्याकडे राहिलाय. तो फाडून फुगलेल्या बोंडांवर सैल पुरचुंड्या बांध. हात लावून बघू नकोस, आतच फुटू देत. गवंडी हसला तर सांग, बहीण वेडी आहे.

माझ्याजवळ यांचं काही उरलं नाही. हे गेले, आता यांच्या शालीचा वासही गेला.

पुरचुंड्या गाठीसकट पाठव. बी नाही धरलं, तरी फडकी पाठव.

तुझीच,
धाकटी