कडेचा नारिंगी डाग

चंदननगर

तीर्थस्वरूप सेजदांच्या चरणी धाकट्या भावाचे, हरिपदचे अनेक नमस्कार.

तुमचं आम्लपित्त आता थाऱ्यावर आलं असेल आणि सेजबौदींनी तुमच्या ताटातली तळलेली वांगी बंद केली असतील, अशी आशा आहे. (पहिलं झालं नसेल तर दुसरंही झालेलं नाही, हे मी इथे बसून सांगतो.) माझी प्रकृती उत्तम. अहंकाराला मात्र जबर मार बसला आहे, त्याचीच हकीकत कळवायला हे पत्र.

बदकाच्या हरवलेल्या पिलाचं माझं पुस्तक छापायला घेतलंय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. जन्मभर कॉलेजात व्याकरण शिकवलेला माणूस मुलांसाठी लिहायला बसला की जसं लिहील तसंच मी लिहिलं होतं; पिलाला नुसतं पाण्यात उतरवायलाच मला दीड पान लागलं. चित्रांचं काम प्रकाशकांनी जवळच्याच श्रीरामपूरच्या रुमेला दत्तगुप्त नावाच्या मुलीला दिलं. चित्रं आली आणि माझं डोकं फिरलं. जिथे मी धुक्याचं साग्रसंगीत वर्णन केलं होतं, तिथे तिने समोरासमोरची दोन्ही पानं फिकट राखाडी ठेवून खाली कोपऱ्यात मोहरीएवढं पिलू टाकलं होतं. मला वाटलं, बाईंचे रंग संपले. शिवाय प्रत्येक चित्राच्या कडेला कुठेतरी एक नारिंगी डाग. कधी लव्हाळ्याआड, कधी होडीमागे. मी लाल पेनाने प्रत्येक डागाभोवती गोल काढला, शेजारी 'निष्काळजीपणा' असं लिहिलं (एके ठिकाणी 'अक्षम्य' हे विशेषणही जोडलं) आणि तो गठ्ठा छातीशी धरून तिचं घर गाठलं.

ती कुरमुऱ्यांची मुडी खात बसली होती. माझे लाल गोल तिने शांतपणे पाहिले आणि घरात लहान मूल आहे का, असं विचारलं. म्हटलं, नात आहे, चार वर्षांची. "मग काकाबाबू, आधी तिला वाचून दाखवा. ती म्हणाली तर सगळे डाग पुसते," असं म्हणून तिने मुडीची वाटी माझ्यापुढे सरकवली. मी ही तिची माघार समजलो आणि भरपेट खाऊन आलो.

झिमलीचं तुम्हाला माहीतच आहे. तिची आई पारो मस्कतच्या इस्पितळात नर्स म्हणून गेल्यापासून पोर आमच्याकडे असते, आणि आईचा फोन आला की पलंगाखाली शिरते. ओढून काढायला गेलं तर पलंगाचा पाय धरून ठेवते. पारो पडद्यावर हसत राहते आणि मग घाईघाईने फोन ठेवते. का ठेवते ते आम्हा दोघा म्हाताऱ्यांना कळतं.

तर दुपारी जेवणानंतर तिला मांडीवर घेऊन मी खणखणीत आवाजात सुरुवात केली. माझा पूर्णविराम यायच्या आत तिने पान उलटलं. मी काठावरच राहिलो, ती धुक्यात. तिथे मात्र ती थांबली. तेच ते रिकामं राखाडी पान! पोरीने हळूच आपले पाय माझ्या धोतरात ओढून घेतले. सेजदा, त्या धुक्यासाठी मी कितीतरी विशेषणं खर्ची घातली होती, पण त्यांतल्या एकानेही कधी कुणी पाय आखडून घेतले नसते. माझा आवाज आपोआप खाली आला. मी वाचलं, 'जवळ कोणीही नव्हतं. पिलू अगदी एकटं होतं.'

"खोटं," झिमली म्हणाली.

मी म्हटलं, बाळ, पुस्तकात लिहिलंय. (आमच्यासारख्यांचा हा शेवटचा युक्तिवाद.) तिने माझ्या लाल गोलाच्या मधोमध बोट ठेवलं. "ही बघ ना दादू, आईची चोच."

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चोचच होती. होडीमागे चपटे पाय होते, लव्हाळ्याआड पुन्हा चोच. आईने पिलाला एकाही पानावर सोडलं नव्हतं. पिलानेच मागे वळून पाहिलं नव्हतं. माझं एक अक्षरही न बदलता त्या मुलीने हे साधलं होतं. पिलाला वाटत होतं ते माझ्या शब्दांत, आणि खरं होतं ते तिच्या चित्रात. आणि अक्षरओळख नसलेली चार वर्षांची पोर दोन्ही एकाच वेळी वाचत होती! ते पान तिने पुन्हा पुन्हा वाचायला लावलं, आणि 'कोणीही नव्हतं' आलं की चोचीवर बोट ठेवून खुदकन हसायची.

संध्याकाळी पारोचा फोन आला. झिमली रिवाजाप्रमाणे पलंगाखाली. थोड्या वेळाने डोकं बाहेर आलं, मग हात आला. तिने फोन घेतला, पडद्याच्या कडा नीट न्याहाळल्या आणि म्हणाली, "आई, तुझी चोच मला दिसली."

पारोला काहीएक कळलं नाही, तरी ती रडली. वाळत घातलेले कपडे काढायच्या निमित्ताने मी गच्चीवर गेलो. दोरीवर कपडे नव्हते.

दुसऱ्या दिवशी जलभरा संदेश मिठाईचा डबा घेऊन रुमेलाकडे गेलो आणि धुक्याचं सगळं वर्णन तिच्यासमोरच खोडलं. तिने एकच वाक्य राखून ठेवायला सांगितलं, ते खोटं वाक्य.

सेजबौदींना नमस्कार.

आपला,
हरिपद

ता. क. एवढे शब्द गेल्यावर लेखक म्हणून नाव कुणाचं घालायचं, असं प्रकाशक विचारतात. हसत विचारतात, पण विचारतात.

आणखी एक ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. या पुस्तकासाठी तुम्ही पाठवलेली विद्वत्तापूर्ण प्रस्तावनाही झिमलीला वाचून दाखवली. तिने प्रत्येक पानाच्या कडा तपासल्या आणि विचारलं, "यात आई कुठंय?" तरी प्रस्तावना आपण होऊन मागे घ्यावी, ही नम्र विनंती. त्या जागी रुमेला आणखी थोडं धुकं काढणार आहे. आशयात फरक पडणार नाही, असं तिचं म्हणणं.