खालचा आवाज

सावेडी, अहिल्यानगर
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय विजू,

सप्रेम नमस्कार. मी बरी आहे. तुझी खुशाली मनवा फोनवर कळवते, पण सुनेचं "सगळं छान आहे, सरोजमावशी" म्हणजे नेमकं किती छान, हे कळण्याइतकी मी जुनी आहे. फोनवर तुला बोलता येत नाही आणि मला गप्प बसता येत नाही, त्यामुळे दोघींचीही पंचाईत होते. म्हणून हे पत्र. मनवा, तू वाचून दाखवत असशील तर सावकाश वाच गं, आणि तुझ्याबद्दल काही आलं तर ते गाळू नकोस.

इकडे चांगलीच थंडी पडली आहे. तुझा राखाडी स्वेटर माझ्याकडेच राहिलाय. कोपरावर उसवला होता, तो मी शिवला आणि आता मीच घालते. परत हवा असेल तर भांडायला तुला यावं लागेल.

एक गंमत सांगते. मागच्या गुरुवारी खालच्या मजल्यावरचे काकासाहेब धावत वर आले. धावत म्हणजे त्यांच्या गुडघ्यांना झेपेल तेवढं. हातात पाण्याचा तांब्या. मी दार उघडलं तर म्हणतात, "बाई, बऱ्या आहात ना? तुमची पिपाणी वाजता वाजता एकदम बंद पडली. मला वाटलं चक्कर आली."

मी म्हटलं, "चक्कर नाही हो. तिथे मी थांबायचं असतं. तिथे विजूबाईंचं असतं."

त्यांना काही बोध झाला नाही. मग मी त्यांना बसवून रेकॉर्डर दाखवला, म्हटलं ही पिपाणी नव्हे, विलायती लाकडी बासरी आहे. हा उभा का धरायचा, आडवा का नाही, इथपासून सुरुवात. म्हटलं, दोघींचे दोन आवाज लिहिलेले असतात, वरचा तुमच्या विजूबाईंचा, खालचा माझा. कधी दोन्ही बरोबर चालतात, कधी एकीनं थांबायचं आणि दुसरीनं पुढे जायचं. इतकी वर्षं आपल्याला खालून ऐकताहेत आणि आपण दोघी वेगवेगळं वाजवतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं! "म्हणजे विजूबाई येईपर्यंत मी दर गुरुवारी तांब्या घेऊन वर यायचं का?" म्हणाले. मला हसू आलं. ते गेल्यावर मात्र वाजवावंसं वाटेना.

गुरुवार मी मोडलेला नाही. चहा करते, दोन्ही स्टँड मांडते, खिडकीजवळची तुझी खुर्ची पुसते. मग माझा आवाज वाजवते आणि तुझ्या जागा आल्या की मनातल्या मनात मोजत बसते. घाई करत नाही. तू असताना करायचे आणि तू पायानं मला टोचायचीस.

परवा तो संथ भाग काढला होता. तुझं वाजवणं आठवून बघितलं. पहिल्यांदा तू तो अगदी साधा वाजवायचीस, लिहिला आहे तसा. आणि पुन्हा पहिल्यापासून घेताना त्यावर नक्षी घालायचीस. कुठे एक सूर लांबवून खालच्या सुराला ताटकळत ठेवायचं, कुठे वरच्या सुरावरून थरथरत उतरायचं. क्लाराबाई शाळेत आपल्याला शिकवायच्या तेव्हा म्हणायच्या, बरोक म्हणजे त्या जुन्या युरोपी संगीतात लिहिलेले सूर म्हणजे नुसत्या भिंती, त्यात राहायला वाजवणाऱ्यानं जायचं. तू दर गुरुवारी वेगळंच काहीतरी करायचीस. त्यातलं एकही कागदावर नाही आणि मला एकही धड आठवत नाही. मी तेव्हा माझ्या मात्रा सांभाळत बसले होते. याचं मला फार वाईट वाटतं.

जिभेचे व्यायाम घ्यायला श्रीरामपूरहून एक मुलगी येते असं मनवा म्हणाली. ती तुला 'त' आणि 'द' म्हणायला लावते आणि ते होत नाही, म्हणून तू तिच्यावर डोळे वटारतेस. गंमतच आहे. आपण आयुष्यभर दुसरं काय म्हणत आलो? प्रत्येक सुराच्या तोंडाशी जिभेनं हलकेच 'द'. तिला म्हणावं, बाई, आमच्या विजूनं लाखभर वेळा म्हटलंय, थोडा दम धर.

झटक्यानंतर अवधूतनं तुला बेलापूरला नेलं ते योग्यच केलं. आईला इथे एकटी ठेवणार तरी कशी? मीही त्याला तेच सांगितलं. सांगितलं आणि घरी येऊन रडले.

दिवाळीत मी बेलापूरला आले होते त्याबद्दल आज काही लिहीत नाही. औषधं वेळेवर घे.

तुझी,
सरोज


सावेडी
२ डिसेंबर २०२५

विजू,

माझं पत्र ऐकताना तू तांब्याच्या ठिकाणी हसलीस, असं मनवानं फोन करून सांगितलं. आवाज करून हसलीस म्हणे. म्हणजे तू ऐकते आहेस. मग आता हेही ऐक.

मला तुझा राग आला आहे. दिवाळीपासून आला आहे.

दोन्ही रेकॉर्डर पिशवीत घालून मी एसटीनं आले. तुझा तुला द्यावा, तुझ्या हाताशी असावा, एवढंच मनात होतं. तू उशांना टेकून बसली होतीस, तुझं करायला ठेवलेली चांगुणा तुझे केस विंचरत होती. तुला बोलता येत नसताना मी एकटीनं बडबडायचं, हे मला जमेना. म्हणून मी वाजवायला घेतलं. आणि तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. मी थांबले तरी वळली नाहीस. चांगुणा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई, दमल्यात त्या." ती बिचारी मला सांभाळून घेत होती. तू दमली नव्हतीस. तुला मी तिथे नको होते.

तुझा रेकॉर्डर उशाशी ठेवला आणि निघाले. चहासुद्धा घेतला नाही. राहुरी येईपर्यंत मी मनातल्या मनात तुला खूप बोलले. राहुरीच्या स्टँडवर गाडी थांबली, शेजारच्या बाईनं मला पेरू देऊ केला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी वाजवला तो वरचा आवाज होता. तुझा. तुझ्या समोर बसून.

पण विजू, मी दुसरं काय करणार होते? खालचा वाजवला असता तर त्यातल्या रिकाम्या जागा तुला ऐकू आल्या असत्या. मला त्या इथे एकटीला ऐकवत नाहीत, तिथे तुझ्यासमोर कशा ऐकवल्या असत्या? दोन्हीतलं एकही तुझ्यापुढे वाजवण्यासारखं नव्हतं.

तुझ्या उजव्या हाताबद्दल मागच्या पत्रात मी एक अक्षर लिहिलं नाही. मुद्दामच. स्वेटर, तांब्या, काकासाहेब, सगळं लिहिलं. तो हात मांडीवर ठेवल्यासारखा ठेवलेला होता आणि तू त्याच्याकडे बघत नव्हतीस, मीही बघितलं नाही. घरी आल्यापासून मला तोच दिसतो.

आपल्या या वाद्यावर ओरडता येत नाही हे किती वाईट आहे बघ. जोरात फुंकलं की सूर चढतो आणि बेसूर होतो, हळू फुंकलं की खाली बसतो. राग असो नाहीतर माया, श्वास तेवढाच ठेवायचा आणि काय सांगायचं ते दोन सुरांच्या मधल्या फटीत सांगायचं. आयुष्यभर हे करून करून मला भांडण करताच येत नाही. पत्र लिहावं लागतं.

तुला अवधूत आहे, मनवा आहे, चांगुणा आहे. मला गुरुवार होता. मी लग्न केलं नाही, त्याचं मला कधी काही वाटलं नाही, आणि त्याचं कारण तू होतीस. आठवडाभर काही झालं की गुरुवारी विजूला सांगू, असं मनात यायचं आणि ते तेवढ्यावर निभायचं. आता सांगायला कुणी नाही. मला तुझ्याखेरीज कुणीच नाही, विजू.

मनवा, हे वाचताना तुला अवघड झालं असेल तर मला माफ कर. पण वाच.

सरोज


सावेडी
१५ डिसेंबर २०२५

माझ्या विजू,

काल दुपारी चांगुणाचा फोन आला. मी घाबरलेच, ती कधी फोन करत नाही.

"बाई, म्या चांगुणा बोलतीय. घाबरू नका. आज त्यांनी ती पिपानी खुनावून मागितली. म्या म्हनलं, ह्यो हात चालत न्हाई तर काय करनार तिचं? तर डाव्या हातानं धरली न् बसल्यात फुकत. लई वेळ नुसती हवाच जाती. आता मघाशी वाजली. थांबा, फोन तकडं धरते."

आधी घड्याळाची टिकटिक, रस्त्यावरून गेलेला ट्रॅक्टर. मग तुझा श्वास. आणि मग एक सूर. आखूड, जरा थरथरणारा, शेवटी खाली बसलेला. चांगुणा म्हणाली, "आला का ऐकाया?" मी फोन कानाशी घट्ट धरून तो सूर पुन्हा येतो का ऐकत होते. तिला वाटलं फोन कटला, तिनं ठेवून दिला.

विजू, तो सूर नुसता फुंकलेला नव्हता. त्याच्या तोंडाशी 'द' होता. मी तीनतीनदा आठवून बघितलं, माझ्या कानांचा भ्रम तर नाही. नाही. फुंकलेला सूर कसा उगवतो आणि जिभेनं सोडलेला कसा, एवढं मला कळतं. त्या मुलीला जो 'द' तू देत नाहीस, तो तू वाजवलास. मी काकासाहेबांना बोलावून सांगितलं. त्यांनी पेढे आणले. का आणले हे त्यांना पुरतं कळलेलं नाही, पण आणले.

आता नीट ऐक. तुला जो सूर आला तो डाव्या हाताचा आहे. मी रात्रभर, खोटं कशाला, संध्याकाळभर बोटं ठेवून बघत होते. अंगठा आणि मधलं बोट, एक सूर. अंगठा आणि पहिलं बोट, त्याच्या खालचा. दोन्ही बोटं ठेव, आणखी खालचा. तिसरंही ठेव, चौथा. ओळीनं उतरणारे चार सूर, आणि उजव्या हाताचं त्यात काही काम नाही. वाद्य तोलायला उजवा अंगठा लागतो, त्यासाठी मी सुती नाडीचा गळ्यात घालायचा पट्टा शिवला आहे. खालचं टोक उशीवर टेकव. मी उजवा हात पाठीशी बांधून करून बघितलं. जमतं.

क्लाराबाईंच्या स्वरलिपीच्या कागदांच्या पेटीत तळाशी तो एक तुकडा आहे, आठवतो? खाली तेच चार उतरते सूर पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरत राहतात आणि वरचा आवाज प्रत्येक फेरीला नवं काहीतरी करतो. आपण तो कधीच वाजवला नाही. तू म्हणायचीस, तेच तेच दळत बसायला आमची सरोज काय पिठाची गिरणी आहे?

तर आता ते चार सूर तू घ्यावेस अशी माझी इच्छा आहे. खालचा आवाज. हे मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं, कारण तुला मी ओळखते. तू पुन्हा भिंतीकडे तोंड करशील. पण करण्याआधी एवढं ऐक. ती जागा हलकी नाही. इतकी वर्षं मी तिथे बसले आहे. तिथून सगळं ऐकू येतं. तुझं नाक किंचित चोंदलेलं असलं तरी मला पहिल्या ओळीत कळायचं. मी तुला जेवढं ऐकलं तेवढं तू मला ऐकलं नसशील. ऐकून बघ एकदा.

आणि खरी अडचण माझी आहे. वरचा आवाज मला वाजवावा लागणार, तुझ्या त्या चार सुरांच्या वर जायला माझ्याकडच्या छोट्या रेकॉर्डरवर, आणि नक्षी मला येत नाही. मी आयुष्यभर लिहिलेलं वाजवलं. कालपासून करून बघते आहे, एका फेरीत भरकटते ती दुसऱ्या फेरीपर्यंत परत येत नाही. खाली कुणीतरी ठाम उभं असल्याशिवाय मला हे जमणार नाही. तुझ्यासाठी मी उभी होते की नाही?

येत्या रविवारी, एकवीस तारखेला, सकाळच्या एसटीनं निघते. नको असेल तर मनवाला खूण कर, मी येणार नाही. राग धरणार नाही असं मात्र लिहून देत नाही. मनवा, जेवायला काही विशेष करू नकोस. वाजवायचं असेल तर आम्ही दोघी कमीच जेवतो.

आल्यावर मी काही बोलणार नाही. नाडी तुझ्या गळ्यात घालीन आणि समोर बसेन. त्या तुकड्यात सुरुवात खालच्या आवाजाची आहे. पहिली फेरी एकट्यानं, वरचा तोवर थांबतो. तेव्हा मी थांबेन, मला त्याची सवय आहे. सुरू करण्याआधी वाद्य जरासं उचलून तू जो श्वास घेतेस, तो घे. मागून सूर आला नाही, नुसती हवा आली, तरी माझी फेरी आली की मी आत येईन.

तू श्वास घेईपर्यंत थांबलेली,
तुझी सरोज