पिशवी भरताना कळलं ते

आई,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं. आज तो शब्द माझ्या हातून निघत नाही.

तू गेल्यापासून मी तुझ्याशी मनातल्या मनात बोलत आले. फोटोसमोर उभी राहून रडले. पण लिहिलं कधी नाही. आज लिहितेय ते रागानं. पंधरा दिवसांपूर्वी मी माझ्या बाळंतपणाची पिशवी भरायला बसले आणि इतके दिवस मला कुणी सांगितलं नव्हतं ते कळलं. बाबा वांगी घेऊन मेहकरच्या बाजाराला गेलेत, घरात कुणी नाही, म्हणून ओसरीवर वही घेऊन बसलेय.

हो, मी आई होणार आहे. नववा लागलाय. तुला हे मी कसं सांगितलं असतं, तू काय केलं असतंस, याची किती चित्रं रंगवली होती मी! जाऊ दे.

चिखलीला सासूबाई म्हणाल्या, "इथंच राहा. तिकडं तुझं करायला कोण आहे?" वाईट मनानं नव्हत्या म्हणाल्या, पण मला ते झोंबलं. पहिलं बाळंतपण माहेरीच होणार, असं म्हणून मी निघाले. बाबा घ्यायला आले. एसटीत चढताना त्यांनी माझा दंड असा धरला, जसं ते वांग्याचं कोवळं रोप धरतात. मेहकर जवळ आलं तेव्हा हळूच म्हणाले, "त्या पिशवीत काय काय लागते वं? तुही माय सांगे लोकायले. मी कधी ध्यान देल्लं नाई."

मला हसू आलं आणि लगेच चीडही आली. अख्ख्या गावाच्या सुनांच्या पिशव्या तू भरून दिल्यास, आणि तुझ्या लेकीची पिशवी भरायला हा एवढा भाबडा माणूस मागे ठेवलास?

तू गावाची आशाताई होतीस. कुणाला दिवस गेले ते आधी तुला कळायचं. तपासणीला नेणं, गोळ्या देणं, कळा सुरू झाल्या की गाडी बोलावून सोबत जाणं, सगळं तुझ्याकडे. गल्लीतून जाता जाता तू दारात हाक मारायचीस, "नववा लागला ना? पिशवी भरली का?" मग घरात शिरून पिशवी उलटी करायचीस. पावडरचा डबा बाहेर, आधार कार्ड आत. नवं कडक दुपटं बाहेर, जुन्या पातळाची मऊ बाळोती आत. एखादी सासू म्हणाली की आधीच तयारी करू नये, अपशकुन होतो, तर तिला सुनवायचीस, "बाई, अपशकुन पिशवी भरल्यानं नाई होत. न भरल्यानं होते."

लहानपणी मला तुझा केवढा अभिमान वाटायचा. शाळेतून येताना बायका सांगायच्या, तुही माय नसती तर माहं लेकरू हाती लागलं नसतं. गोदाबाई दवाखान्याला भ्यायची, तिला तू हाताला धरून ओढत नेलंस आणि रस्ताभर शिव्या दिल्यास. आठवतं? "अंगावर काढशील अन् मरशील," असं म्हणाली होतीस तिला. भर चौकात, सगळ्यांसमोर.

मग स्वतःला काऊन नाही म्हणालीस?

त्या मंगळवारी मी तुझी पत्र्याची पेटी उघडली. बाबांनी तिला हात लावलेला नव्हता. बाळोत्यांसाठी तुझी सुती पातळं काढायची होती. समोरची शोभामावशी मदतीला आली होती. मावशी आली की तू आल्यासारखं वाटतं, तिची चालही तुझ्यासारखी झालीय. आम्ही दोघी पातळं काढून रचत होतो. एक उलगडलं तर अर्धंच. दुसरंही तसंच, काठ तेवढे उरलेले. खाली फाडलेल्या कापडाच्या घड्या, धुऊन धुऊन पिवळट झालेल्या.

मी सहज विचारलं, "हे कुणी फाडलं मावशी?"

"तिनंच फाडलं असंन. तवा लय कपडा लागे तिले."

"कशाले?"

 मावशी घडीवरून हात फिरवत राहिली. मी परत विचारलं.

"जाऊ दे वं स्वाते. तुह्या अशा दिवसात..."

"मावशी, कशाले लागे कपडा?"

"तिनं शपथ घातली होती मले. माह्या पोराची." मग मान खाली घालून तिनं सांगितलं. "तुह्या साखरपुड्याच्या आधीपासून अंगावरून जाऊन राह्यलं होतं तिच्या. पाळी बंद झाल्ती, अन् मंग पुन्हा सुरू झालं. मी म्हटलं, मंदे, दाखव कुणाले. तर म्हणे, पोरीचं लगन होऊन जाऊ दे."

"अन् लग्न झाल्यावर?"

"मंग म्हणे, दवाखान्यातल्या समद्या सिस्टर मले वळखतात. मी रोज बाया घेऊन जातो, आता मीच तपासणीच्या टेबलावर चढू काय? लाज वाटे तिले."

आई, मी तशीच बसून राहिले. पोटात बाळ फिरत होतं.

शेवटी तुला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं, तिथं तू खोटं बोललीस. मी तुझ्या शेजारी उभी होते. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून त्रास आहे?" आणि तू माझ्या तोंडाकडे बघून म्हणालीस, "आत्ताच. महिना झाला असंन." डॉक्टर म्हणाले, गर्भपिशवीचा कॅन्सर आहे, पार पसरलाय. मी बाहेर येऊन देवाला बोल लावला. वाटलं, किती अचानक आलं हे, कुणाचा काय दोष? तेवढ्यावर मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. ती समजूत तू खोटी दिली होतीस.

आता माझं लग्न मला आठवतं ते वेगळंच. तुझ्यासाठी आपण पिस्ता रंगाची साडी घेतली होती. ऐन लग्नात तू काळपट मरून रंगाची नेसून आलीस. फोटोसाठी मी किती भांडले तुझ्याशी! तू म्हणालीस, "मळत नाई ही." पंगतीत सगळ्या बसल्या, तू उभीच. मी म्हटलं बस ना, तर म्हणालीस, "आज बसायचा दिवस हाय काय?" तू तेव्हा रक्तानं भिजत होतीस का गं? माझ्या अंगाला हळद लागत होती आणि तू मागच्या खोलीत पातळ फाडत होतीस?

असलं लग्न मला नको होतं. पुढच्या वर्षी झालं असतं. मोडलं असतं तर मोडलं असतं. तू मला विचारलंस का? माझ्या नावावर एवढं मोठं काहीतरी करून टाकलंस आणि मला न विचारता! आता हे कळलं की लोक म्हणतील, माय असावी तर अशी, लेकीसाठी जीव दिला. मला नको आहे तो जीव. मला आत्ता इथं, या ओसरीवर, पिशवी उलटी करून ओरडणारी बाई हवी आहे.

मंगळवारी तू नव्हतीस, म्हणून सगळं मावशीवर निघालं. मी तिला म्हटलं, "तुम्हाले ठाऊक होतं अन् तुम्ही गप बसल्या? निघा तुम्ही."

ती उठली. दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यातच बसली. माझ्याकडे पाठ करून बोलायला लागली. "तुले काय वाटते, मले वाईट नाई वाटत? पहिले थोडंच जाते, मंग कंबर धरते. उठलं की अंधारी येते. मंग मानूस स्वतःलेच म्हणते, होईन कमी. रोज म्हणते."

मी ऐकत होते, आणि मला एकदम काहीतरी खटकलं.

"मावशी, तुम्हाले कसं माहीत, काय होते ते?"

ती उंबऱ्यावरची माती नखानं खरवडायला लागली.

"तुम्हाले पण होऊन राह्यलं का?"

मान हलली. मग म्हणते, "पोराचं जमून राह्यलं. पावने येऊन गेले. त्याचं लगन होऊन जाऊ दे, मंग..."

तेच वाक्य, आई. तुझंच! तिनं तुझं ऐकून पाठ केल्यासारखं. मी हातातली कापडाची घडी भिंतीवर भिरकावली. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. मावशीवर की तुझ्यावर, मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते वांग्यांची प्रतवारी करत होते. ऐकून त्यांनी हातातलं वांगं खाली ठेवलं. मग म्हणाले, "मले ते पाठीचं दुखनं वाटे. लेप लावून देत होतो मी." एवढं बोलून हौदावर गेले आणि हात धूत राहिले. धुऊन झाले तरी धूत राहिले. त्यांनाही तू सांगितलं नाहीस. ज्या माणसानं तुझ्या पाठीला लेप लावला त्यालाही नाही!

बुधवारी माझी तपासणी होती. बाबांनी शेजारच्या गल्लीतला ऑटो सांगितला. मी मावशीच्या दारात जाऊन उभी राहिले. "चला," म्हटलं. ती म्हणाली म्हैस दुहायची आहे. मग म्हणाली आज पाहुण्यांचा फोन येणार आहे. मग म्हणाली, पुढच्या आठवड्यात.

"तुम्ही नाई आल्या तर मीबी जात नाई तपासणीले. बसा मंग दोघी."

"लेकराच्या जिवाशी खेळतं काय वं?"

"तुम्ही खेळून राह्यल्या ते काय हाय?"

ती आली. वाटभर माझ्याशी बोलली नाही. दवाखान्यात एका सिस्टरनं मला ओळखलं, मंदाताईची पोरगी ना, म्हणाली. मी तिला सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माझी तपासणी नंतर. आधी हिची करा. पाळी गेल्यावर हिच्या अंगावरून जातंय." मावशीनं पदर तोंडावर ओढला. बाकांवरच्या बाया बघायला लागल्या. बघू देत. लाजेनं कुणी मरत नाही, आई. लपवल्यानं मरतं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

आत डॉक्टरीणबाई होत्या. मी बाहेर पोट धरून उभी होते. मावशी बाहेर आली, निऱ्या सारख्या केल्या आणि मला म्हणाली, "झालं समाधान?"

तपासायला तुकडा पाठवला होता, त्याचा रिपोर्ट चार दिवसांपूर्वी आला. जे तुला होतं तेच आहे. पण सुरुवातीचं आहे. गर्भपिशवी काढावी लागेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आलात. अकोल्याला ऑपरेशन ठरलंय. मावशीच्या पोराचं लग्न पुढं गेलं. पाहुणे एका शब्दानं काही बोलले नाहीत, उलट मुलीच्या आईनं फोन करून विचारपूस केली. ज्याला मावशी एवढी भीत होती, ते एवढंच निघालं. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही. सकाळी डिंकाच्या लाडवांचा डबा ओट्यावर आदळून गेली.

तुला वाटेल, आता माझा राग निवला असेल. नाही निवला. वाढलाय. कारण आता मी डोळ्यांनी पाहिलंय की ते किती सोपं होतं. एक सकाळ, एक ऑटो, आणि पडद्याआड काही क्षणांची लाज. एवढंच होतं. एवढ्यासाठी तू मला, बाबांना, या येणाऱ्या लेकराला सोडून गेलीस! गोदाबाईला ओढत नेणारे हात तुझेच होते ना? ते स्वतःकडे का नाही वळले? आणि तुला ओढून न्यायला आमच्यातलं कुणी का चाललं नसतं?

पिशवी मी भरली. बाबांनी थर्मास घासून ठेवलाय. तुझी फाडलेली पातळं मी घेतली नाहीत. उरलेल्यातलं एक धड, निळ्या ठिपक्यांचं काढलं आणि फाडलं. फाडताना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

एक राहिलं. बाळंतीण कळांनी ओरडायला लागली की तू सांगायचीस, "माही स्वाती झाली तवा शेजारच्या खोलीत आवाज गेला नाई." किती कौतुकानं सांगायचीस! तोंडात पदर कोंबून मला जन्म दिलास आणि जन्मभर तो पदर काढलाच नाहीस.

मला मुलगी झाली तर तुझं नाव ठेवणार नाही. रागानं नाही, तिच्या भल्यासाठी म्हणते. आणि तुला एक वचन देते. माझ्या कळा सुरू झाल्या की मी गप राहणार नाही. दुखतंय म्हणून ओरडेन, आणि कुठे दुखतंय तेही सांगेन.

तुझ्यावर रागावलेली, आणि तरी तुझीच,
स्वाती