शनिवारची बाळंतपणं

आयसेलिन, न्यू जर्सी
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय अनिश,

शालोम आणि आशीर्वाद. तू आणि दीपा बरे असाल. श्रूजबरीला एव्हाना जाड कोट निघाले असतील. माझा गुडघा आहे तसाच आहे. फिजिओथेरपीवाली म्हणते सुधारणा आहे, गुडघा म्हणतो नाही.

झालं खुशालीचं. हे कागदावर लिहितेय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. 'ताई, ऐक ना यार' असं सुरू करतोस आणि पुढची वीस मिनिटं मीच ऐकत बसते. रविवारी मी तुझा फोन कट केला, त्याचं मला जराही वाईट वाटलेलं नाही.

तू रिबका आत्यावर लिहिलेला मजकूर इथल्या ज्यू सेंटरनं मला मंजुरीसाठी पाठवला. जगभरातल्या मोठ्या ज्यू माणसांची आयुष्यं आणि त्यांनी मागे ठेवलेलं काम, असं प्रदर्शन आहे म्हणे. शास्त्रज्ञ, न्यायाधीश, संगीतकार, आणि त्यांच्या रांगेत आपल्या पप्पांची मोठी बहीण, पांढऱ्या पातळात, हातात सुईणीची बॅग. फोटो बघून मी रडले. मग खालचं वाचलं आणि डोक्यात तिडीक गेली.

प्रशिक्षित सुईण, तालुक्यातलं पहिलं प्रसूतिगृह, साडेचार हजार बाळंतपणं. इथवर खरं. पुढे लिहितोस, 'एवढ्या व्यापातही त्यांनी शब्बाथ कधीही मोडला नाही.' आणि त्याखाली, 'त्यांचे धाकटे बंधू, सिनेगॉगचे सेक्रेटरी, अखेरपर्यंत त्यांच्या पाठीशी ठाम उभे राहिले.'

पाठीशी? हे टाइप करताना तुझा हात जरासुद्धा अडखळला नाही?

तू तेव्हा सहा वर्षांचा होतास हे मान्य. पण मोठेपणी तुला सगळं कळलेलं आहे. ब्याहत्तर-त्र्याहत्तरची गोष्ट. आत्या शनिवारी, शब्बाथच्या म्हणजे काहीही काम न करण्याच्या दिवशी, प्रार्थना चालू असताना, टांग्यात बसून बाळंतपणाला गेली, म्हणून आपल्या समाजाच्या पंचांनी ठराव केला की रिबकाच्या हातचा मलिदा कुणी घ्यायचा नाही. त्या कागदावर सही पप्पांची होती. आपल्याकडे नवस फिटला, लग्न ठरलं, कुणी परदेशी निघालं की एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावानं मलिद्याचं ताट भरायचं. गुळाखोबऱ्याचे पोहे, वर पाच फळं. तोवर गावात प्रत्येक घरचं ते ताट आत्या भरायची. ठराव एक वर्षाचा होता. वर्ष संपल्यावरही ती कधी कुणाच्या मलिद्याला आली नाही, आणि ये म्हणायला पप्पा गेले नाहीत. दोन घरांच्या मधे फक्त एक विहीर होती. सोळा वर्षं, ती जाईपर्यंत, हे दोघे भाऊबहीण एकमेकांशी बोलले नाहीत. याला तू ठाम उभं राहणं म्हणतोस.

फोनवर तुझं म्हणणं काय, तर 'ताई, इथली माणसं आधीच विचारतात, इंडियात ज्यू असतात का? आपण खरे आहोत हेच अजून प्रूव्ह करावं लागतं. त्यात शब्बाथ मोडणारी आत्या कुठे दाखवू?' म्हणजे परक्यांसमोर आपण धुतल्या तांदळासारखे दिसावेत म्हणून त्या बाईचं आयुष्य तू घासून पुसून टाकलंस. पंचांनी तिला एकदा बाहेर काढलं, तू दुसऱ्यांदा काढतोयस, आणि वर हार घालून.

गेल्या आठवड्यात ओक ट्री रोडवर साडीच्या दुकानात अहिल्याकाकू भेटल्या. आपल्याच गावच्या, आता मुलाकडे एडिसनला असतात, पंचाहत्तर पूर्ण. मी प्रदर्शनाचं सांगितलं तर हातातली साडी खाली ठेवून म्हणाल्या, "रिबकाबाईंचं? अगं, मला त्यांनीच काढलं. शनिवार होता. आई सांगायची, बाई डोक्यावरचा पदर तसाच ठेवून देवळातून धावत आल्या. सिनेगॉगला आई देऊळच म्हणायची." मग म्हणाल्या, "मी येणार हं बघायला. मुलाला सांगते, रविवारी ड्राइव्ह कर मला."

आता सांग, या बाईला मी तुझ्या पाटीसमोर कशी उभी करू? तुझ्या हिशेबानं तर ती जन्मलीच नाही.

मी तिथून थेट आमच्या सिनेगॉगच्या रब्बी बाईंकडे गेले. म्हटलं, त्यांना काय वाटेल ते वाटू दे, एकदा कानावर घालते. सगळं सांगितलं. टांगा, बॅग, ठराव. त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "इला, बाळंतिणीसाठी शब्बाथ मोडायचाच असतो. नुसती परवानगी नाही, आज्ञा आहे. सुईणीला आणायला कितीही लांब जावं, दिवा लावावा, काहीही करावं, असं आपल्या शास्त्रात दीड-दोन हजार वर्षांपासून लिहिलेलं आहे. तुमच्या आत्या गेल्या नसत्या, तर तो दोष झाला असता."

ऐकतोयस ना? आत्या बरोबर होती. नुसती माणूस म्हणून नाही, ज्यू म्हणून बरोबर होती. पंचांना माहीत नव्हतं. त्यांना शनिवारी काम नाही एवढंच पिढ्यानपिढ्या ठाऊक, आणि एवढ्यावर ते न्याय करायला बसले. ज्या गोष्टीची तुला लाज वाटते, तीच ऐकून इथल्या रब्बी उठून उभ्या राहिल्या.

तू म्हणशील, मग ताई, तुला आनंद व्हायला हवा होता, चिडतेस कशाला? खरं सांगू, मी त्यांचे आभारसुद्धा न मानता बाहेर पडले. गाडीत येऊन बसले आणि किती वेळ चावीच फिरवली नाही.

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या भाऊजींनासुद्धा नाही, आणि आता ते राहिले नाहीत.

त्या शनिवारी वरच्या बायकांच्या गॅलरीत मी आत्याशेजारी बसले होते. एक बाई मागच्या जिन्यानं येऊन तिच्या कानाशी लागली. आत्या उठली. मला म्हणाली, "इला, कुणी विचारलं तर सांग, आत्याचं डोकं दुखत होतं." मी खिडकीतून तिला टांग्यात बसताना पाहिलं. खाली पुरुषांत पप्पांना काही कळलं नाही. कळायचं कारणच नव्हतं. ती कितीतरी वर्षं अशीच जात होती आणि बायका कितीतरी वर्षं गप्प होत्या.

दुपारी जेवताना तू पप्पांच्या मांडीवर होतास. रोजच असायचास. मी अकरा वर्षांची घोडी, मला कोण घेणार मांडीवर. पप्पांनी सहज विचारलं, "रिबका प्रार्थनेतून लवकर उठली वाटतं?" आणि मी सांगितलं. टांगा, बॅग, बाई, सगळं. डोकं दुखण्याचं सांग असं ती म्हणाली, तेसुद्धा सांगितलं. पप्पांनी तुला खाली ठेवलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, "शहाणी माझी मुलगी."

बावन्न वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले, की मी खोटं तर बोलले नाही ना. आत्यानं चूक केली होती, मी फक्त खरं सांगितलं. रब्बींच्या ऑफिसात ती समजूतही गेली. अमेरिकेला निघताना मी तिच्या पाया पडले, तिनं मला जवळ घेतलं, तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. तिला माहीत होतं की नव्हतं, हे आता मला कधीच कळणार नाही.

तेव्हा तुझ्यावर ओरडतेय ती काही फार मोठी सज्जन बाई नाही. पण मी अकरा वर्षांची होते, अनिश. तू अठ्ठावन्न वर्षांचा आहेस.

पाटी सोमवारी छापायला जाते. मजकूर मी मंजूर केलेला नाही, करणारही नाही. ती दोन्ही वाक्यं काढ. तिथे लिही, की त्या शनिवारीही बाळंतपणाला जात, त्यासाठी त्यांच्याच माणसांनी त्यांना वाळीत टाकलं, तरी त्या जातच राहिल्या. पप्पांचं नाव घालायचं की नाही ते तू ठरव, ते तुझेही वडील होते. तू नाही बदललंस तर मी सेंटरला सांगून पाटी रिकामी ठेवायला लावेन.

आणि तू काहीही ठरवलंस तरी, तेवीस तारखेला, रविवारी, प्रदर्शन उघडेल तेव्हा नातेवाईक म्हणून दोन शब्द मलाच बोलायचे आहेत. अहिल्याकाकूंना मी समोर बसवणार आहे. ठरावाचं सांगेन, सहीचं सांगेन, आणि पप्पांना कुणी सांगितलं तेही सांगेन. आत्याची माफी मागायला आता तेवढीच जागा उरली आहे. तू आलास तर ऐक. नाही आलास तर निदान असं म्हणू नकोस की ताईनं तुला आधी सांगितलं नव्हतं.

दीपाला आशीर्वाद.

तुझी,
पप्पांनी शहाणी म्हटलेली बहीण,
इला