खालचं रान

६ फेब्रुवारी

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो आणि ती त्याच्याहून जास्त.

तू गव्हाचं विचारलंस. माझं वरचं रान झकास आहे. तुझं खालचंही लांबून तसंच दिसतं. पण काल त्यातल्या ओंब्या तळहातावर चोळल्या, तर नुसता भुसा निघाला. तीन आठवड्यांपूर्वी, ऐन फुलोऱ्यात, गारठ्याने मारलं. शेतकी अधिकारी येऊन म्हणाले, "निसर्गापुढे कुणाचं काय चालतं, काका?" मीही साळसूदपणे मान डोलावली. त्या मानेची मला शिसारी आली.

त्या पहाटे मी तिन्ही तापमापक पाहिले होते. घराच्या भिंतीवर सहा, माझ्या रानात तीन, तुझ्या रानात शून्याच्या खाली दोन. तुला फोनवर सांगितलं, "सहा आहे, निवांत राहा." भिंतीवर गहू पिकत नाही, हे मला कळतं गं.

बाबा म्हणायचे, थंडी पाण्यासारखी असते, उतार दिसला की खाली जाऊन साचते. तू तेव्हा शाळेच्या वसतिगृहात होतीस. ऐकलं ते मी एकट्याने. वाटणीच्या वेळी मात्र तुझ्यापुढे रडगाणं गायलो, की वरच्या रानाला उन्हाच्या झळा फार, दाणा बारीक राहतो. झळा लागतात, खोटं नाही. पण अर्धं खरं बोलणाऱ्यासारखा हलकट दुसरा नाही.

"यंदा गहू साधला तर नोकरी सोडून कायमची घरी येते," असं तू लिहिलंस. ते वाचूनच हा कागद पुढ्यात ओढला.

आता लिहितोच. वाटणीच्या दोन चिठ्ठ्या मी केल्या होत्या. "लहानीने आधी उचलावी," असंही मीच म्हणालो आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं. तुझ्या चिठ्ठीत 'खालचं' निघालं. "मग माझी उघडायची कशाला?" म्हणत मी दुसरी खिशात घातली. ती सोबत पाठवतोय. तिच्यावरही 'खालचं'च लिहिलंय.

वरचं रान तुझं. कागद करून ठेवतो. गहू उभा आहे, कापणीला ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण ये.

खालच्या रानाचा धनी,
तुझा दादा